दोन ठोके म्हणजे परत बघ

सुरुवातीलाच सांगते, या सदरात मी आजवर फक्त कमेंट्स करत आले आहे, आणि त्याही खवचट. कुणाच्या मामाला ओढ्याकाठी पांढरी साडी दिसली की खाली माझा प्रश्न ठरलेला असायचा – मामांच्या चष्म्याचा नंबर किती? त्यामुळे आज माझंच नाव वर बघून काही जण हसतील. हसा, तुमचा हक्कच आहे. भुताखेतांवर माझा तेव्हाही विश्वास नव्हता, आजही नाही. पण एक गोष्ट माझ्या बाबतीत घडली, तिला आता दीड वर्ष होत आलं, आणि तिचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही. म्हणून जशी घडली तशी लिहिते. शुद्धलेखन आई तपासणार आहे, चुका राहिल्या तर तिच्या.

मी केतकी. बाबा कस्टम्समध्ये आहेत. मी सातवीत असताना त्यांची बदली कोलकात्याला झाली, मध्ये तीन वर्षं दुसरीकडे आणि परत इथेच. खिदिरपूरजवळ तिसऱ्या मजल्यावर आमचं क्वार्टर, गॅलरीत उभं राहिलं की गोदीतल्या क्रेनची टोकं दिसतात. घरात मराठी, रस्त्यावर बंगाली, कॉलेजात इंग्लिश. अर्थशास्त्रात पदवी घेतली आणि मास्टर्ससाठी दिल्लीतल्या एका संस्थेची प्रवेश परीक्षा द्यायची ठरवलं. नाव सांगत नाही, या वाटेने गेलेले ओळखतील. जागा मोजक्या आणि पोरं ढिगानं. एकाच दिवशी दोन पेपर असतात. सकाळी तीस प्रश्न, चार पर्यायांतला एक निवडायचा, चुकलं तर मार्क कापतात. दुपारी सविस्तर उत्तरांचा पेपर.

आपण ही परीक्षा पास होणार याबद्दल मला शंका नव्हती. कॉलेजातून एका कंपनीत नोकरी मिळत होती, ती मी सरळ नाकारली. बाबा म्हणाले, नीट विचार कर. मी म्हणाले, केला. मग ते म्हणाले की माझी पुढची बदली विशाखापट्टणमला होणार असं दिसतंय, तुझं नाही झालं तर माझ्याबरोबर येऊन कंटेनर मोजशील का? आईने तर माझं नाव ‘सर्वज्ञ’च ठेवलं होतं. सर्वज्ञांनी चहा प्यावा, सर्वज्ञांनी केस विंचरावेत. माझ्या आत्मविश्वासाची घरात ही अशी कदर होती.

अभ्यासाला मी भवानीपूरच्या एका जुन्या सार्वजनिक लायब्ररीत जायची. वरच्या मजल्यावर वाचनालय, लांब लाकडी टेबलं, उंच छतावरून खाली आलेले पंखे. तिथले ग्रंथपाल मित्रबाबू. त्यांचा एकच कायदा – बोलायचं नाही. कुजबुज ऐकू आली तरी ते जागेवरून उठायचे, तुमच्या शेजारी येऊन उभे राहायचे आणि दाराकडे बोट दाखवायचे. त्यांच्याशी हुज्जत घालून कुणी जिंकल्याचं मला आठवत नाही.

तिथे मला सोहिनी भेटली. माझ्यासमोर बसायची. माझ्याच परीक्षेचे जुने पेपर तिच्यासमोर पडलेले मी उलटे वाचले आणि जिन्यात गाठून तिला विचारलं. ती सोनारपूरहून लोकलने यायची. शांत, बारीक आवाजाची, माझ्या अगदी उलट. मी एक गणित पाच मिनिटांत सोडवून एक चूक करायची, ती ते बारा मिनिटांत सोडवायची आणि चूक करायची नाही. तिला प्रॉबेबिलिटी आवडायची, मला त्यातले लाल-निळे चेंडू बघितले की जांभई यायची. महिनाभरात आमची जोडी जमली आणि दिल्लीला एका खोलीत राहायचं, हेही ठरून गेलं.

आता ते ठोके. बोलायला बंदी, आणि एकमेकींची गणितं तर तपासायची. सोहिनीने तिच्या घरची पद्धत आणली. तिचे बाबा घरी अकरावी-बारावीच्या मुलांना गणित शिकवतात. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून त्यांना फार वेळ बोलवत नाही. म्हणून ते खडूने फळ्यावर ठोके देतात. एक ठोका म्हणजे बरोबर आहे, पुढे जा. दोन ठोके म्हणजे थांब, परत बघ. कुठे चुकलंय ते सांगत नाहीत, ते मुलानं शोधायचं. आम्ही खडूच्या जागी पेन्सिलीचं मागचं टोक घेतलं. मी वहीत गणित सोडवत असायची, ती समोरून उलटं वाचत असायची. मी डेरिव्हेटिव्ह काढायचं, शून्याबरोबर मांडायचं आणि खुशाल उत्तराखाली रेघ ओढायची. उत्तर कधीकधी अगदी कडेला असतं, म्हणजे माणसाने दोनातली एक वस्तू मुळीच न घेण्यात असतं, हे तपासायचा मला कायम कंटाळा. रेघ ओढली की टेबलावर हलकेच ठक-ठक. मी चिडायची, वर बघायची. ती खाली मान घालून स्वतःचं लिहीत असायची. मित्रबाबूंनी एवढा आवाज चालवून घेतला, त्यांच्या कायद्यात तो बोलण्यात येत नसावा.

(हे सगळं एवढं लांबण लावून का सांगते आहे ते पुढे कळेल.)

मार्चपासून आम्ही घड्याळ लावून सराव पेपर सोडवायला लागलो, उत्तरपत्रिकेसकट. ती तुम्हाला माहीत असेलच, प्रत्येक प्रश्नाच्या ओळीत चार गोल, बरोबर असेल तो पेन्सिलीने काळा करायचा. माझी खोड इथे उघडी पडली. मी प्रॉबेबिलिटीचा प्रश्न नंतर बघू म्हणून सोडायची, पण उत्तरपत्रिकेतली त्याची ओळ कोरी सोडायला विसरायची. मग बाराव्याचं उत्तर अकराव्याच्या ओळीत, तेराव्याचं बाराव्याच्या... पुढची सगळी माळच एक घर वर सरकायची. एकदा नाही, तीन वेळा. सगळं येत असून शून्याखाली मार्क. सोहिनीने तर वेळही काढून ठेवली होती. तिचं म्हणणं, पहिली चाळीस मिनिटं मी नीट असते, मग आपण भराभर चाललोय याचा मला आनंद होतो आणि तिथे माझी गाडी रुळावरून उतरते. तिन्ही वेळा तिनेच समोरून दोन ठोके दिले म्हणून मला ते कळलं होतं. परीक्षेत ती समोर नसेल याची मी फिकीर केली नाही. म्हटलं, खरा पेपर असला की माणूस लक्ष देतोच.

फॉर्म आम्ही एकाच दुपारी, एकाच सायबर कॅफेत शेजारी बसून भरले होते. त्यामुळे आमचे नंबर लागोपाठ आले. केंद्र सियालदहजवळच्या एका कॉलेजात. आदल्या संध्याकाळी कालबैशाखीचं वादळ झालं, आमच्याकडे गॅलरीतली तुळशीची कुंडी पडली. सकाळी आकाश स्वच्छ होतं.

निघताना आईने हातावर दही-साखर ठेवली. शेजारच्या घोषकाकीमा कपाळाला दह्याचा टिळा लावायला आल्या आणि विचारून गेल्या, अंडं नाही ना खाल्लंस? इथे परीक्षेच्या दिवशी अंडं खात नाहीत, अंडं म्हणजे भोपळा. मी मुद्दाम दोन अंड्यांचं ऑम्लेट खाल्लं होतं, आणि त्यांना तसं सांगितलंही. आई दार लावताना म्हणाली, सर्वज्ञ, निदान म्हाताऱ्या माणसाला तरी सोड. फोन केंद्रावर चालत नाही म्हणून मी घरीच ठेवला.

नऊ वाजता मी कॉलेजच्या गेटवर होते. सोहिनी आली नव्हती. साडेनऊला नाही, पावणेदहालाही नाही. दहाला गेट बंद होणार होतं. गेटसमोर चहाची टपरी होती, तिच्या बाकड्यावर चढून मी स्टेशनच्या बाजूने येणारी गर्दी बघितली. त्या गर्दीत एक माणूस शोधायचा म्हणजे... असो. दहाला पाच कमी असताना रखवालदाराने आत चल म्हणून हाक मारली आणि मी गेले. हे मी आजही बरोबरच केलं असं मानते, पण ते आठवायला मला आवडत नाही.

माझी खोली तिसऱ्या मजल्यावर, मागच्या अंगणाच्या बाजूला. रस्ता इमारतीच्या दुसऱ्या अंगाला. बेंचवर नंबरांच्या चिठ्ठ्या लावलेल्या. माझ्या मागचा बेंच सोहिनीचा होता, आणि तो रिकामा. तिच्यामागे भिंतच. साडेदहाला पेपर मिळाला तेव्हाही मी एकदा वळून बघितलं. मग मान खाली घातली.

पेपर सोपा नव्हता, पण माझा होता. आठ प्रश्न सपासप गेले. अकराव्यात चेंडू निघाले, तो सोडला. मग दोन कंपन्यांच्या स्पर्धेचा एक प्रश्न, मग करांचा, मग एक इंटिग्रल... हात थांबतच नव्हता. सुपरवायझर बाईंनी चाळीस मिनिटं झाल्याचं सांगितलं. मी सतराव्या प्रश्नाचं उत्तर भरत होते आणि मनात म्हणत होते, सर्वज्ञ, तू जिंकलीस.

आणि मागून आवाज आला. ठक-ठक.

लाकडावर पेन्सिलीचं मागचं टोक. वर्षभर रोज ऐकलेला आवाज होता तो, त्याच वजनाचा, त्याच अंतराचा. पहिल्यांदा मला नुसता आनंद झाला, सोहिनी आली. मी वळले. बेंच रिकामा होता. बाईंनी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या मागे बघितलं. मी वळले म्हणून बघितलं की त्यांनाही काही ऐकू आलं, हे कळायला मार्ग नाही. शेजारच्या रांगेतला मुलगा शांतपणे लिहीत होता. त्याने मानही वर केली नव्हती.

घाबरले का? खरं सांगते, नाही. त्या क्षणी मला फक्त सवयीचा राग आला. आता काय चुकलं, असा. डोळे आपोआप उत्तरपत्रिकेवर गेले. सतराव्याचं उत्तर सोळाव्याच्या ओळीत होतं. सोळाव्याचं पंधराव्याच्या. अकराव्यापर्यंत सगळं एक घर वर. सहा गोल खोडले, सहा परत भरले, अकरावी ओळ कोरी सोडली. आणि पुढचे तेरा प्रश्न मी प्रत्येक ओळीवर बोट ठेवून सोडवले.

साडेबाराला बाहेर आले. सोहिनी गेटसमोरच्या टपरीच्या बाकड्यावर बसली होती. पायांवर चिखल, मांडीवर पॅड, हातात पेन्सिल. तिची लोकल गडिया आणि बाघाजतीन स्टेशनांच्या मध्ये थांबली होती. रात्रीच्या वादळात कलंडलेलं झाड सकाळी तारेवर पडलं. आता सुटेल, मग सुटेल म्हणत तासभर गाडीत बसली, शेवटी उतरून रुळांच्या कडेने स्टेशनपर्यंत चालत आली, मग ऑटो, मग बस. मौलालीच्या जॅममध्ये बसही सोडली आणि धावली. पोचली तेव्हा गेट बंद होऊन बारा मिनिटं झाली होती. हे तिने असं सांगितलं की जणू दुसऱ्याच कुणाची हकीकत.

तिला घरून या परीक्षेसाठी एकच वर्ष मिळालं होतं. तिच्या बाबांचा, म्हणजे काकूंचा, आवाज बसलेला – बंगालीत काकांना काकू म्हणतात, मीही तेच म्हणते – त्यामुळे पुढे शिकवण्या तिने सांभाळायच्या ठरल्या होत्या. म्हणजे तिचं जे जायचं होतं ते सगळं त्या बारा मिनिटांत गेलं होतं. तिने डबा उघडला, माझ्या पुढ्यात केला, आणि दुपारच्या पेपरची उजळणी सुरू केली. मी रडायला लागले तर म्हणाली, “आत्ता नको. दीड तास आहे. जेव, आणि कडेचं उत्तर तपासायचं विसरू नकोस.”

टपरीवर एक मावशी चहा करत होत्या. त्यांनी मला विचारलं, ही तुझी मैत्रीण का? हिला घरी ने. दोन तास मुकाट बसून होती, मध्येच एकदा पेन्सिलीने बाकड्यावर ठकठक केलं, माझ्या भांड्याचं झाकण हललं. मला वाटलं, पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला.

माझा घास हातातच राहिला. मी सोहिनीला विचारलं, कधी? ती ओशाळली. म्हणाली, “अकरा दहाला. चाळीस मिनिटं झाली होती ना. मी मनातल्या मनात तुझा पेपर सोडवत होते. वाटलं, आता ही ओळ चुकणार.”

मी तेव्हा काहीच सांगितलं नाही. आत जाऊन दुपारचा पेपर लिहिला. चांगला लिहिला. कडेचं उत्तर तपासलं, आणि एका प्रश्नात ते खरंच कडेला होतं.

सांगितलं ते संध्याकाळी, सियालदहच्या प्लॅटफॉर्मवर. सोनारपूरच्या तीन लोकल आम्ही जाऊ दिल्या. ती नीट ऐकून घेत होती. मला वाटलं ती हसेल, किंवा चिडेल, कारण तिचं वर्ष गेलं त्याच दिवशी तिच्यामुळे माझं वाचलं, हे ऐकायला कुणाला आवडेल? तिने रुळांकडे बघितलं. मग म्हणाली, “म्हणजे माझी सीट अगदीच रिकामी नव्हती.” आणि तेव्हा कुठे रडली.

आता तुमच्या आधी मीच सांगते. याचं स्पष्टीकरण माझ्याकडे होतं, आणि बऱ्यापैकी मजबूत होतं. चाळीस मिनिटांनी माझी गाडी घसरते हे तिला माहीत होतं, तसं माझ्या डोक्यालाही कुठेतरी माहीत असणार. वर्षभर त्या आवाजाची सवय. बाईंनी वेळ सांगितली आणि मनाने आवाज तयार केला. तिने त्याच मिनिटाला ठोकलं, कारण दोघींचं घड्याळ एकच. झालं की नाही? हे मी आईला सांगितलं. ती म्हणाली, हो, असेल. आई इतक्या पटकन कबूल झाली की मला संशयच आला.

माझी निवड झाली. निकाल लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी सोनारपूरला गेले. कुणी बोलावलं नव्हतं. काकू वर्गाच्या खोलीत फळा पुसत होते. मी उभ्यानेच सांगून टाकलं की हिला अजून एक वर्ष द्या. दिल्लीला जायला मला महिना आहे, तोवर तुमच्या बॅचेस मी घेते. पूजेच्या आणि हिवाळ्याच्या सुट्टीतही येऊन घेईन. आणि ती पास होईल हे मी लिहून देते. सोहिनी दारात उभी राहून मला गप्प बस म्हणून खुणा करत होती. काकूंनी फळा पूर्ण पुसला. हात झटकले. मग खडू उचलला आणि फळ्यावर एक ठोका दिला.

एकच. मी दुसऱ्याची वाट बघत उभी होते, पण तो आला नाही.

त्या महिन्यात मी रोज सोनारपूरला गेले. अकरावीच्या मुलांना ट्रिगनॉमेट्री शिकवणं हे प्रवेश परीक्षेपेक्षा अवघड आहे, हे जाता जाता नमूद करते. सुट्ट्यांमध्येही शब्द पाळला.

मग पुढचा मे. सोहिनीची परीक्षा, पुन्हा कोलकात्यातच. या वेळी तिला मी बजावलं होतं की आदल्या दिवशीच खिदिरपूरला आमच्याकडे मुक्कामाला जा. ती गेली. सकाळी आईने तिच्याही हातावर दही-साखर ठेवली, बाबांनी गेटपर्यंत सोडलं. मी दिल्लीत. मेसमध्ये नाश्त्याला उकडलेलं अंडं होतं. मी घेतलं नाही. का ते विचारू नका.

दहा पंचवीसला मी आमच्या संस्थेच्या लायब्ररीत जाऊन बसले. समोर वही, हातात पेन्सिल. सोहिनीला याची काही कल्पना नव्हती, कुणालाच नव्हती. साडेदहाला मी पहिला ठोका दिला. एकच – बरोबर आहे, पुढे जा. मग दर दोन-तीन मिनिटांनी एक. स्वतःचं मला हसू येत होतं. म्हटलं, प्रयोग करायला काय हरकत आहे, नाहीतरी अर्थशास्त्रात आम्हाला प्रयोग करायला कोण देतो? पण हसत हसत मी थांबले नाही. अकरा झाले, सव्वाअकरा झाले. मी तिला इथून ढकलतेय असंच मला वाटत होतं.

अकरा पस्तीसला आजूबाजूच्या कुणीतरी तक्रार केली. इथले ग्रंथपाल मित्रबाबूंचेच चुलतभाऊ शोभतील असे आहेत. शेजारी येऊन उभे राहिले आणि दाराकडे बोट दाखवलं. मी घड्याळ दाखवून अजून एक तास मागितला, त्यांनी बोट हलवलं नाही. मी वही-पेन्सिल उचलून बाहेर गेले. बाहेर नुसतं ऊन, आणि ठोकायला लाकूड कुठे नाही. पायरीवर बसून राहिले.

दुपारचा पेपर झाल्यावर तिचा फोन आला. दोन्ही पेपर छान गेले होते. मी जरा वेळ इकडचं तिकडचं बोलले आणि मग, शक्य तितक्या सहज आवाजात, विचारलं की हॉलमध्ये काही ऐकू आलं का.

मला काय विचारायचंय ते ती बरोबर समजली. म्हणाली, नाही. खरंच काही नाही. नुसता पंखा. मला वाईट वाटलं, हे मान्य करते. आणि थोडं हायसंही वाटलं, की चला, जग आहे तिथेच आहे.

मग ती म्हणाली, “पण एक गंमत सांगू? पहिला तासभर इतकं निवांत वाटत होतं, जशी तू समोर बसली आहेस. मग साडेअकराच्या जरा पुढे एकदम एकटं वाटलं. तू उठून गेल्यासारखं. मी मान वर करून बघितलंसुद्धा.”

मी हो का, असं काहीतरी म्हणाले आणि फोन ठेवला.

आज सोहिनी दिल्लीत माझ्याच खोलीत राहते. ती पहिल्या वर्षाला, मी दुसऱ्या. हे लिहीत असताना ती समोरच्या टेबलावर बसून कुठल्यातरी चेंडूंचं गणित करते आहे, आणि आनंदात आहे. मघाशी तिने विचारलं, एवढं काय लिहितेस? घरी पत्र, असं मी सांगितलं. तिला मराठी वाचता येत नाही, म्हणून तर इथे लिहायचं धाडस केलं. कारण त्या दिवशी मी लायब्ररीत काय करत होते आणि अकरा पस्तीसला मला कुणी उठवलं, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

सांगितलं तर ती बारा मिनिटं घेईल, शांतपणे सगळ्या शक्यता मांडेल, आणि ती प्रॉबेबिलिटीत चुकत नाही. उत्तर निघेलही. मला ते नको आहे. तुमच्यापैकी कुणाकडे असेल तर कमेंटमध्ये जरूर लिहा, चष्म्याचा नंबर विचारलात तरी चालेल, मी रागावणार नाही. माझ्यापुरती ती ओळ मी कोरी सोडली आहे. या वेळी आठवणीने.